गाडी बंद पडत नसल्याची तक्रार

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.

तारीख आणि वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच वेळी, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत माझ्यावर अन्याय झाला. दादाची मोटरसायकल सुरू झाली आणि बंद पडली नाही.

गाडीशी बसलेले सर्व्हेयर उठून उभे राहिले, गुडघे झटकले आणि हात मागे बांधून ऐकत राहिले. अ‍ॅक्सिलरेटरवर कोणाचा हात नाही, चोक बंद, आणि गाडी आपली एका लयीत चालली आहे, पोटभर जेवून झोपलेल्या माणसासारखी. सीटवर माझा चहाचा कप होता. एरवी तो घसरत घसरत कडेला येतो. आज जागचा हलला नाही.

मग त्यांनी खिशातून लाल रंगाची छोटी बाटली काढली आणि काडीने कार्बोरेटरच्या दोन्ही स्क्रूंवर एकेक ठिपका दिला, कोणी स्क्रू फिरवला तर रंग तडकून कळावं म्हणून. एक हवेचा स्क्रू, एक आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने चालायचं ते ठरवणारा. म्हणाले, झालं, बाई. आता वर्षभर हिला हात लावायचं काम नाही.

वर्षभर! आणि चेहरा असा, की मी आभार मानावेत.

नोंद असावी म्हणून लिहिते: हे गृहस्थ मेकॅनिक नाहीत. विमा कंपनीचे सर्व्हेयर होते, अपघाताच्या गाड्या तपासायचे. आता रिटायर. दोन रस्ते पलीकडे एकटे राहतात, बायको वारलेली. दादा गेल्यावर भाचीने गाडी विकायची जाहिरात दिली तेव्हा हे गिऱ्हाईक म्हणून आले. बघून म्हणाले, विकू नका, नुसता कार्बोरेटर बिघडलाय, मी ट्यून करून देतो. तेव्हापासून दर रविवारी साडेनऊला हजर. दर रविवारी ट्यून करून जायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत गाडी पुन्हा बिघडायची. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फुस्स. असं का व्हायचं, कोण जाणे. मी फक्त शनिवारी संध्याकाळी स्क्रू जागेवर आहेत ना, एवढं बघत असे. आता बघायचं म्हणजे स्क्रूड्रायव्हर लावूनच बघावं लागतं.

गाडी मी चालवत नाही. तो मुद्दा नाही. ती दादाची आठवण आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

थंड डोक्याने विचार केला. झालं ते उत्तमच झालं. रविवार मोकळा. कपाटं आवरीन, शाळेच्या मैत्रिणींना पत्रं लिहीन, इंग्रजी वाचन पुन्हा सुरू करीन. नाहीतरी त्या माणसाची बडबड ऐकून कान किटले होते. उलट्या बादलीवर बसायचं, तीन चमचे साखरेचा चहा प्यायचा आणि जुने किस्से सांगायचे. एकाने म्हणे स्वतःच्याच गाडीवर हातोडा घातला आणि ट्रकने ठोकली म्हणून क्लेम केला. यांनी पत्रा बघूनच ओळखलं. आपोआप झालेलं नुकसान आणि मुद्दाम केलेलं नुकसान मला लांबून कळतं, बाई, असं म्हणाले होते. मी म्हटलं, कमाल आहे. आणि आणखी एक बिस्किट दिलं.

संध्याकाळी सहज गाडी सुरू केली. बंद पडली नाही. अर्ध्या तासाने पुन्हा केली. नाही. अगदी निर्लज्जपणे चालू.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

भाचीला फोन केला. म्हटलं, तुझ्या बाबांची गाडी बिघडत नाही. ती म्हणाली, अगं आत्या, मग चांगलंय ना! विकायची का आता? मी म्हटलं, हे विकणं-बिकणं तोंडात येतंच कसं तुझ्या. तर म्हणते कशी, आत्या, खरं सांग, तुला गाडी हवी आहे की मेकॅनिक?

मी तिला सांगितलं, ते मेकॅनिक नाहीत. ती हसत सुटली. इतकी हसली की पलीकडून जावयाने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. फोन ठेवला. या पिढीला आपल्याशी बोलणारी व्यक्ती कोण आहे याचं भान नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी हिला बाकावर उभं केलं असतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळ.

रंगाची तपासणी केली. मालक म्हणून तो माझा हक्क आहे. ठिपका दिसायला ठीक, पण ताकद किती? हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवून पाहिला. रंग लगेच तडकला! म्हणजे काम कच्चं. गाडी सुरू केली. धापा टाकल्या आणि बंद पडली.

तडकलेला रंग वाईट दिसत होता म्हणून भाचीची बाथरूममध्ये राहिलेली नेलपॉलिशची बाटली आणून नीटनेटका ठिपका दिला. लाल तो लाल. कोणाला कळणार आहे?

रविवार, ९ फेब्रुवारी.

ते आले नाहीत. न येणं बरोबरच होतं, त्यांच्या हिशेबाने गाडी वर्षभर चालणार होती. मी वाट पाहत नव्हते. गॅलरीचं रेलिंग धुवायला झालं होतं, ते धुतलं. वॉचमनने खालून ओरडून विचारलं, मॅडम, आज साहेब आले नाहीत? मी म्हटलं, तुला पगार गेट सांभाळायचा मिळतो, हजेरी घ्यायचा नाही.

दुपारी फोन करून कळवलं, तुमचं वर्ष आठवड्यात संपलं.

पाच वाजता आले. इस्त्रीचा शर्ट होता. गाडीच्या कामाला कोणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? खाली बसले, टॉर्च लावला आणि स्क्रूकडे बघत राहिले. नखाने ठिपका खरवडला. वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पाइपाकडे बघत होते, तिथून पाणी गळतं का ते.

गाडी गरम केली, स्क्रू आत घेतला, बाहेर काढला, कान देऊन ऐकलं. नेहमीचंच सांगत होते: हवा कमी झाली की गुदमरते, जास्त झाली की वारं प्यायल्यासारखी पळते, मधली जागा शोधायची. सापडली त्यांना. या वेळी रंग लावला नाही.

हात पुसता पुसता म्हणाले, मुलगी बोलावते आहे. कायमचं. तिच्याकडे खोली तयार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मग कळवून टाका काय ते. लोकांना असं ताटकळत ठेवू नये.

ते थोडा वेळ चिंधीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, बाई, गाडी बिघडली नाही तरी मी रविवारी आलो, तर चालेल का?

म्हणजे यांना काय सुचवायचं होतं? मी गाडी बिघडवते? मी? मी ताठ उभी राहून म्हटलं, काम नसताना येऊन काय करणार? हे पार्किंग आहे, क्लब नव्हे.

ते म्हणाले, खरं आहे. आणि गेले. चिंधी नेहमी कॅरिअरला अडकवून जातात, ती आज घेऊन गेले.

एका वाक्यात निकाल लावला. सिस्टरांना अभिमान वाटला असता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

परवाच्या प्रश्नावर शांतपणे विचार केला. प्रश्न मुळातच नियमात बसत नव्हता. तोंडी होता. ग्रीस लागलेल्या हाताने, उभ्याउभ्या, वॉचमनच्या कानावर जाईल अशा ठिकाणी विचारलेला होता. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात माझी सगळी नोकरी झाली. तिथे कोणी खिडकीत येऊन नळाला पाणी नाही म्हणून रडलं तरी मी म्हणायची, लिहून आणा. लिहून आणलं की बघायची. हा माणूस लिहून आणू शकला असता.

पुढच्या रविवारी येतील तेव्हा हे त्यांना समजावून सांगीन.

रविवार, १६ फेब्रुवारी.

आले नाहीत.

सवयीने चहा दोन कप झाला. दुसऱ्यात तीन चमचे साखर पडली होती. ओतून द्यायचा म्हणजे नासाडी. प्यायले. कसा पितात हा पाक देव जाणे.

गाडी सुरू करून बादलीवर बसले. चालू. पूर्वी बंद पडायची तेव्हा निदान कोणीतरी काहीतरी म्हणायचं. बघा, पुन्हा गेली. थांबा, पाव आटा सोडतो. आता काय दिवे लावलेत? असं मी म्हणायची, ते हसायचे. आता ही चाललीच आहे, चाललीच आहे. शेवटी मीच किल्ली फिरवून बंद केली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

नवा निश्चय. गाडीवर मीच प्रभुत्व मिळवणार. कोणावर अवलंबून राहणं हा माझा स्वभाव नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक पोरगेलासा मनुष्य कार्बोरेटर काढतो, धुतो, बसवतो, मागे संगीत वाजतं. तो करू शकतो तर मी का नाही? संपूर्ण स्वच्छता करायची. बिघाड वगैरे करायचा हेतू अजिबात नाही.

संध्याकाळी: वॉचमनने पाना फिरवून कार्बोरेटर उतरवून दिला. पुढचं सगळं मी केलं. दोन्ही स्क्रू पूर्ण काढले. एक इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली आणि नाल्याच्या जाळीतून आत गेली. वॉचमनने पालथं पडून टॉर्च मारला. म्हणाला, मॅडम, गेली ती. हाताला, कपड्यांना, केसांना पेट्रोलचा वास. आंघोळ करूनही जात नाही.

पण आता गाडी खरोखर बिघडली आहे. यात कोणी शंका काढू शकणार नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

फोन केला नाही. कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून, भाजीच्या पिशवीत घालून, त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदाच.

दार त्यांनीच उघडलं. मागे खोकी. भिंतीवर फोटो काढलेल्या जागी पांढरे चौकोन. मला बघून इतके गडबडले की आत या म्हणायच्या ऐवजी चपला काढू नका, फरशीवर खिळे आहेत, असं म्हणाले.

मुलीला त्यांनी हो कळवलं आहे. कधी? नऊ तारखेला संध्याकाळी. म्हणजे पार्किंगमधून घरी गेले आणि लगेच कळवलं. मीच म्हटलं होतं, ताटकळत ठेवू नये. सल्ला ऐकणारी माणसं हल्ली कमी. पुढच्या शुक्रवारी निघणार. मी म्हटलं, अभिनंदन.

पिशवी उघडली तसे हसले. म्हणाले, हे मात्र आपोआप झालेलं दिसतंय. मी तिकडे लक्ष दिलं नाही. खिळ्यांच्या डब्यातून त्यांनी एक स्प्रिंग शोधली, स्क्रूवर चढवली आणि सगळं माझ्यासमोर ठेवलं. आज तुम्ही करायचं, म्हणे. मी सांगतो.

गाडी आधी चांगली गरम होऊ द्यायची. गार गाडीचं ऐकायचं नाही, ती खोटं बोलते. मग हवेचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत, आणि दीड आटा बाहेर. तिथून पाव पाव. आवाज सगळ्यात मोकळा होईल तिथे थांबायचं. मग दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा. आणि मग सोडून द्यायची. लोकांना तेच जमत नाही, सोडून देणं.

मी म्हटलं, इंजिन नाही तर आवाज कुठून ऐकू? तर हा सत्तरीचा माणूस खोक्यावर बसून तोंडाने गाडीचा आवाज काढायला लागला. डुग डुग डुग. मी स्क्रू आत घेतला की गुदमरायचा, खोकायचा. बाहेर काढला की सुसाट. मी म्हटलं, नीट करा, लोक काय म्हणतील. म्हणाले, स्क्रू तुमच्या हातात आहे, बाई, मी काय करणार. मी पाव आटा आत घेतला. मग पावाचा अर्धा. आवाज हळूहळू शांत झाला, एका लयीत आला. मी हात काढून घेतला. ते तसेच, माझ्याकडे बघत, आवाज काढत राहिले. दम संपला तेव्हा थांबले.

मग विचारलं, बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का?

मी म्हटलं, पडद्यांच्या कड्या मोजून ठेवा. सामान हलवणारे लोक कड्या लंपास करतात.

ते म्हणाले, मोजतो. आणि आपला स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत घातला. मूठ लाकडाची आहे. त्यांच्या अंगठ्याच्या जागी झिजलेली.

घरी येता येता लक्षात आलं, हा माणूस मला शिकवून मोकळा झाला. पद्धतशीर सुटका करून घेतली. चीड आली. चिडीने डोळ्यांतून पाणी येतं, हे वैद्यकीय सत्य आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी.

वॉचमनने कार्बोरेटर चढवला. गाडी गरम केली. आत, दीड आटा बाहेर, पाव, पाव. सापडली जागा! मला सापडली. वेग खाली आणला आणि हात काढून घेतला. चालू राहिली. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या पार्किंगमध्ये फार केविलवाण्या वाटतात. बंद कर म्हटलं.

दुपारी त्यांचा फोन. जमली का गाडी? मी म्हटलं, जमली. उत्तम जमली. तुमच्यापेक्षा चांगली. मग म्हणाले, मग आता काळजी नाही. मी म्हटलं, काळजी आधीही नव्हती.

विजय. निर्विवाद.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

उद्या सकाळी निघणार. टॅक्सीला आमच्याच रस्त्याने जावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. मी निरोप द्यायला वगैरे जाणार नाही. निरोप देणं हा भिडस्त लोकांचा उद्योग. मात्र गाडी अधूनमधून गरम करावी लागते, आणि ती उद्या सकाळी गेटजवळ उभी करून गरम केली तर तो योगायोग समजावा. त्यांनाही कळू दे, कोणाचं काही अडलेलं नाही.

निळा पोशाख इस्त्री करून ठेवला आहे. गाडी गरम करताना अंगावर काहीतरी घालावंच लागतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा.

वॉचमनने गाडी ढकलत गेटपर्यंत आणून दिली. मी किक मारली. तिसऱ्या किकला सुरू. गरम झाली, चोक बंद केला, हात काढून घेतला. अशी चालली, अशी चालली, की इतक्या महिन्यांत त्यांच्या हातूनही तशी चालली नव्हती.

टॅक्सी आली. वेग कमी झाला. काच खाली. त्यांनी हात वर करून ड्रायव्हरला थांबवलं. माझ्याकडे नव्हते बघत, गाडीकडे बघत होते. मान तिरकी करून ऐकत होते. मला ती मान ठाऊक आहे. काही चुकलं की लगेच दार उघडून उतरतील, खाली बसतील, इस्त्रीच्या शर्टात सुद्धा. किती वेळ ऐकलं! मीही ऐकत होते. गाडी एकदाही अडखळली नाही.

मग त्यांनी मान हलवली. छान, अशी. काच वर गेली. टॅक्सी वळली.

किल्ली माझ्या हाताशी होती. नुसती फिरवायची होती. हे मला टॅक्सी वळल्यावर सुचलं. गाडी तशीच चालू होती. वॉचमन म्हणाला, मॅडम, बंद करू? मी हो म्हटलं असेन, कारण मग आवाज थांबला.

त्यांचा नवा पत्ता माझ्याकडे नाही. मी विचारला नाही म्हणून त्यांनी दिला नाही. फोन नंबर आहे. पण फोनवर सांगितलेलं म्हणजे न सांगितल्यासारखंच, हे माझं मत मी आजच बदलणार नाही. पत्त्याचं नंतर बघता येईल. मसुदा तयार हवा. कच्चा मसुदा इथेच लिहिते, फेअर कॉपी उद्या:

महाशय,

विषय: रविवार, ९ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी आपण तोंडी विचारलेला प्रश्न.

गाडी बिघडलेली नसताना रविवारी आल्यास चालेल का, अशी विचारणा आपण केली होती. त्या वेळी दिलेलं उत्तर घाईत, आणि प्रश्न पूर्ण समजून न घेता दिलेलं असल्यामुळे रद्द समजण्यात यावं.

सुधारित उत्तर: चालेल.

गाडी चांगली आहे. तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही. तरी आपण नेमके कधी येणार, हे कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. उत्तर लेखी हवं, आणि ते रविवार, २ मार्च, सकाळी साडेनऊच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी द्यायचं असल्यास या एका वेळेपुरती हरकत नाही, मात्र ते समक्ष येऊन द्यावं लागेल.